पिण्याआधीचा अर्धा तास

भावा, 'माझा स्वभावच व्यसनी' हे आधी डोक्यातून काढ. व्यसनी माणसाचा असा एकच साचा नसतो. आमच्या एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला लाजाळूही येतात, भांडखोरही. घसरायची वाट मात्र ज्याची त्याची. कुणी घाबरून पितो, कुणी कंटाळून, कुणी उदास होऊन. मी तडकाफडकी! बायकोशी वाजलं की चप्पल पायात, दहाव्या मिनिटाला गुत्त्यावर. म्हणून आजही पाकीट तिच्याकडे असतं (लोक हसतात, हसू देत). एएच्या बारा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीची, म्हणजे स्वतःला प्रामाणिकपणे तपासायची, वही लिहिताना नुसत्या चुका मोजू नकोस. पिण्याआधीचा अर्धा तास आठवून लिही. समुपदेशकालाही ती दाखव. तू बुजरा आहेस, मीटिंगमध्ये लगेच शेअरिंग (सगळ्यांसमोर आपली गोष्ट सांगणं) नाही केलंस तरी चालेल. खुर्च्या मांडायला ये, साडेसहाला.