जागा संघाची

बाळा,

परवा रात्री फोनवर तू एकच वाक्य तीनदा बोललास, "सर, माझे रन बघा, माका कित्याक बसवल्यानी?"

रन मी पाहिलेत. या मोसमात जिल्ह्यात तुझ्यापेक्षा जास्त धावा कुणाच्या नाहीत. आणि कोल्हापूरच्या लॉजवर रात्री दीड वाजता ज्या पोराच्या कानाखाली तू वाजवलीस, तो तुझ्याच वयाचा आहे, हेही कळलंय मला. निवडकर्त्यांकडे मी तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही. धावा तुझ्या, जागा संघाची.

आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच कळेल अशी गोष्ट सांगतो. ऑगस्ट २००८ मध्ये डार्विनला ऑस्ट्रेलियाच्या संघाची बैठक होती आणि अँड्र्यू सायमंड्स मासे धरायला गेला. केवढा खेळाडू! त्याला तिथूनच घरी पाठवलं, नंतर भारताच्या कसोटी दौऱ्यातूनही वगळलं. मासे धरण्यात गुन्हा कसला? पण बाकीचे सगळे खोलीत बसलेत आणि एक खुर्ची रिकामी, हे संघाला सलतं. पुढच्या वर्षी ट्वेंटी-२० विश्वचषकातून त्याला पुन्हा शिस्तभंगासाठी घरी पाठवलं. त्यानंतर तो ऑस्ट्रेलियाकडून खेळलाच नाही.

तू म्हणशील, इंग्लंडचा बेन स्टोक्स आला की परत. आला. पण सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलला क्लबबाहेर मारामारी झाली आणि त्याची ऑस्ट्रेलियाविरुद्धची ॲशेस मालिका हुकली. ऑगस्ट २०१८ मध्ये लॉर्ड्सवर भारताविरुद्ध कसोटी सुरू होती, तेव्हा तो खटल्यात अडकलेला. त्याच्या जागी ख्रिस वोक्स आला आणि नाबाद १३७ करून गेला. कोर्टाने पुढे स्टोक्सला निर्दोष सोडलं, पण लॉर्ड्सचे ते दिवस काही परत मिळाले नाहीत. जागा संघाची असते रे. ती तुझ्यासाठी झाकून ठेवत नाहीत.

हे मला कुणी शिकवलं नाही, म्हणून मी ते महागात शिकलो. तुझ्याच वयाचा होतो. पहाटेच्या एसटीने जिल्ह्याचा संघ फोंडा घाटाने कोल्हापूरला निघायचा होता. आदल्या रात्री गावात दशावतार, मग मित्रांबरोबर बाटली. जाग आली तेव्हा सूर्य माडांच्या वर. मासळीच्या टेम्पोत बर्फाच्या पेट्यांवर किटबॅग ठेवून दुपारी मैदानावर पोचलो. बॅगेतून बांगड्याचं पाणी गळत होतं. आमचा बारावा गडी कव्हर्सला उभा होता, माझ्या जागेवर. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे वीस वर्षं मी सांगत फिरलो की वशिला नव्हता म्हणून राहिलो. खोटं बोलत होतो. तूही परवा तेच सुरू केलंस. "अमक्याचो भाचो घेतल्यानी" म्हणालास ना? ते माझंच जुनं वाक्य आहे. ऐकताना अंगावर काटा आला.

प्रशिक्षक झाल्यावर एका पोराला मी अशाच कारणासाठी फायनलला बसवलं. आमचा सर्वात चांगला डावखुरा. आम्ही हरलो. आजही लोक मला त्यावरून बोलतात. मी आजही बसवीन. उरलेले दहाजण रात्री साडेनऊला झोपले होते, त्यांना मी काय तोंड दाखवलं असतं? त्याला बसवलं तेच बरोबर होतं. हां, नंतर मी त्याच्या घरी गेलो नाही, ते चुकलं. महिनाभर वाट पाहिली, की तो येईल. तो ट्रॉलरवर गेला. जांभ्याच्या मैदानावर मॅटिंगवर तो जो कट मारायचा, त्याचा आवाज मला अजून येतो.

म्हणून तुझ्या बाबतीत वाट बघत बसणार नाही. शनिवारी आपण दोघे त्या लॉजवर जाऊ. त्या पोराची माफी तू मागायचीस, मी बाहेर उभा राहीन. "दारू होती, चुकून झालं" असलं काही बोलायचं नाही. मग निवडकर्त्यांना स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिही, झालं ते जसंच्या तसं. संघात परत घ्या, असं त्यात एका अक्षराने लिहू नकोस.

पहिली गाडी पावणेसहाची आहे. मी साडेपाचला स्टँडवर असेन.

तुझा,
सर