मित्रांचा चित्रपट अर्ध्यावर अडकला आहे

प्रश्न : आम्ही सहा मित्र पदरमोड करून कोल्हापुरात चित्रपट करीत आहोत. सुट्ट्या जुळत नाहीत, नायकाचे काम करणाऱ्याने मध्येच दाढी काढली आणि वाड्यातल्या संवादांत रस्त्यावरचे हॉर्न आले आहेत. काय करावे?

उत्तर : दाढी वाढेपर्यंत हातांची, पाठमोरी आणि इतर पात्रांची दृश्ये उरकून घ्या, त्यासाठी सहाही जणांच्या सुट्ट्या जुळण्याची गरज नाही. खरी काळजी ध्वनीची आहे, कारण थोडे अंधारलेले चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण न कळलेले वाक्य त्याला कथेबाहेर फेकते. त्याच वाड्यात पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, कलाकारांना मूळ चित्रण दाखवून त्याच लयीत संवाद पुन्हा म्हणायला लावा. शेवटी सर्वांनी श्वास रोखल्यासारखे स्तब्ध उभे राहून खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करा; संकलनात दोन वाक्यांमधले सांधे तीच बुजवते. कॅमेऱ्याचे कार्ड दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवल्याशिवाय पुसू नका.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेले नाही : निर्माता कोण आणि कोणाचा वाटा किती, हे आजच लिहून सह्या करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो, आणि चित्रपटगृहात दाखवायचा झाल्यास सेन्सॉरच्या प्रमाणपत्रासाठीच्या अर्जातही निर्मात्याचे नाव द्यावे लागेल.