मालवण आणि अंदमानला पाण्याखाली फोटो काढण्यासाठी कोणता डिजिटल कॅमेरा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत मालवणला पहिल्यांदाच स्कुबा करणार आहात, वर्षभरात अंदमानला जाऊन ओपन वॉटरचा, म्हणजे स्कुबाच्या पहिल्या प्रमाणपत्राचा, कोर्स करायचाय आणि कॅमेऱ्याचा सगळा खर्च साठ हजारांत बसवायचाय. घरात निकॉनचा डीएसएलआर आहे, तोच वॉटरप्रूफ पिशवीत घालून नेला तर चालेल का, असंही विचारलंय.

आधी पिशवीचं सांगतो. कृपा करून नेऊ नका. पावसात, होडीत, गुडघाभर पाण्यात ती पिशवी ठीक आहे. पण खाली गेलं की आतली हवा आक्रसते, प्लास्टिक कॅमेऱ्याला चिकटतं, बटणं आपोआप दाबली जातात आणि हवं ते बटण बोटाला सापडत नाही. एखादा जोड सुटला तर कॅमेरा आणि लेन्स दोन्ही गेले. डीएसएलआरला खरं संरक्षण म्हणजे त्याच मॉडेलसाठी बनवलेलं कडक हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणारी पेटी, आणि ते बहुतेक वेळा कॅमेऱ्यापेक्षा महाग पडतं. वर्षाला शंभर डायव्ह करणाऱ्याला ते परवडतं. तुमचा निकॉन किनाऱ्यावरच्या फोटोंसाठी ठेवा.

तुमच्या गरजेला मी ऑलिम्पसचा टफ टीजी-६ किंवा त्याच्या पुढचा, २०२३ साली ओएम सिस्टिम या नावाने आलेला टीजी-७ सुचवेन. दोघांत फरक थोडा आहे. चांगल्या स्थितीतला टीजी-६ कमी पैशांत मिळाला तर तोच घ्या. मेगापिक्सेल १२ आहेत हे वाचून नाराज होऊ नका, पाण्याखाली मेगापिक्सेल कमी पडल्यामुळे फोटो बिघडलेला मी अजून पाहिलेला नाही. हे कॅमेरे हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत जातात, रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो, देतात, पाण्याखालच्या रंगांसाठी वेगळे मोड देतात. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांचा मायक्रोस्कोप मोड. लेन्सपासून एक सेंटिमीटरवरची वस्तू त्यात फोकस होते.

ही एक सेंटिमीटरची गोष्ट मालवणसाठी किती मोलाची आहे ते तिथल्या पाण्यात उतरल्यावर कळतं. अंदमानचे निळेशार फोटो बघून आपण तीच अपेक्षा घेऊन मालवणला जातो. मालवणचं पाणी हिरवट. चांगल्या दिवशीही पाच-सात मीटरच्या पलीकडचं धूसर दिसतं आणि वारा फिरला तर त्याहून कमी. अशा पाण्यात लांबचा मोठा देखावा टिपायला गेलात तर हाती फक्त हिरवं धुकं येतं. पण त्याच पाण्यात, खडकाच्या कपारीत, करंगळीच्या पेराएवढी न्युडिब्रँक बसलेली असते. ही शंख नसलेली समुद्री गोगलगाय. पाठीवर पिसांसारखा कल्ल्यांचा झुपका आणि डोक्यावर दोन छोटी शिंगं. तुम्ही आणि ती यांच्यामध्ये दोन बोटांचं पाणी असेल तर पाणी कितीही गढूळ असू दे, फोटो स्वच्छ येतो. माझे मालवणचे ठेवण्यासारखे जेवढे फोटो आहेत ते सगळे अशा अंतरावरचे आहेत.

डोळ्यांवरचा विश्वासही थोडा कमी करावा लागतो. मास्कच्या सपाट काचेमुळे पाण्यातली वस्तू असते त्यापेक्षा जवळ आणि मोठी दिसते. चार हातांवरचा मासा तीन हातांवर वाटतो. त्यामुळे नवीन माणूस नेहमी लांबून फोटो काढतो आणि घरी आल्यावर फ्रेमच्या मधोमध एक ठिपका सापडतो. झूम करून हे भरून निघत नाही, कारण झूम केल्याने मधलं पाणी कमी होत नाही. जवळ जायचं, आणि जवळ गेलो असं वाटलं की अजून थोडं जवळ जायचं.

आता रंगाबद्दल, कारण खरेदीचा निम्मा निर्णय इथे होतो. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, १२ मीटरवर असताना माझं लक्ष माझ्याच मनगटाकडे गेलं. निघताना आईने बांधलेला लाल दोरा काळपट तपकिरी दिसत होता, जुन्या सुतळीसारखा. मला वाटलं भिजून रंग गेला. सोबतच्या डायव्हरने टॉर्च लावला आणि दोरा क्षणात कुंकवासारखा लाल झाला. टॉर्च हलला, पुन्हा सुतळी. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी गिळतं. पाचेक मीटरवर लाल जवळजवळ संपतो, दहाच्या आसपास नारिंगी, मग पिवळा. शिवाय हे फक्त खोलीवर ठरत नाही. प्रकाश वरून माशापर्यंत येतो आणि माशापासून कॅमेऱ्यापर्यंत, तो सगळाच प्रवास धरायचा. चार मीटर खोलीवरचा मासा तुमच्यापासून दोन मीटरवर असेल तर हिशेब सहा मीटरचा.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं असं की साठच्या साठ हजार कॅमेऱ्यात घालू नका. तिसरा हिस्सा तरी दिव्यासाठी राखून ठेवा. दोन वर्षं जुना कॅमेरा आणि चांगला दिवा हे नव्याकोऱ्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी चांगले फोटो देतात.

दिव्यात दोन प्रकार. स्ट्रोब म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश आणि दुसरा व्हिडिओ लाइट, जो सतत जळतो. जोराने आणि माशाची हालचाल गोठवण्याच्या कामी स्ट्रोबच सरस. पण शिकणाऱ्याला मी पहिला दिवा व्हिडिओ लाइटच घ्यायला सांगतो, कारण प्रकाश कुठे पडतोय, सावली कुठे येतेय हे बटण दाबायच्या आधी दिसतं. मात्र तो रुंद पसरणारा हवा. बारीक झोताचा साधा डायव्ह टॉर्च घेतलात तर मधोमध पांढरा डाग आणि भोवती अंधार येईल.

कॅमेऱ्याच्या अंगचा फ्लॅश मालवणच्या पाण्यात बंदच ठेवा. पाण्यात गाळाचे आणि प्लवकांचे बारीक कण तरंगत असतात. लेन्सच्या शेजारून सरळ समोर प्रकाश पडला की तोच प्रकाश कणांवरून परत लेन्समध्ये येतो आणि पूर्ण फोटोवर कुणी मूठभर पीठ उधळल्यासारखे ठिपके येतात. यासाठी दिवा ट्रे (कॅमेऱ्याखालची पट्टी) आणि आर्म (तिला जोडलेला दांडा) लावून बाजूला, लांब आणि थोडा तिरका ठेवायचा. ट्रे-आर्मला फार पैसे पडत नाहीत, पण खरेदीच्या यादीत ते लिहायला लोक विसरतात.

दिवा नसेल तेव्हा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची सेटिंग, हाताने जुळवायचा. डायव्हरची पाण्याखाली लिहायची पांढरी पाटी असते ती त्याच खोलीवर कॅमेऱ्यासमोर धरा आणि सेट करा, चार-पाच मीटर वरखाली झालात की पुन्हा करा. दुकानदार लाल फिल्टर देतील. तो अंदमानच्या निळ्या पाण्यासाठी. मालवणच्या हिरव्या पाण्याला मजेंटा फिल्टर लागतो. आणि दिवा लावलेला असताना कुठलाच फिल्टर नको. रॉमध्ये काढत असाल तर फिल्टर नाही घेतला तरी चालेल, नंतर बराच रंग परत आणता येतो.

आता तुमच्या बेतातली एक अडचण. टीजीची मर्यादा १५ मीटर आहे आणि ओपन वॉटर कोर्सनंतर तुम्हाला १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळेल. हॅवलॉकला समोरून कासव खाली सरकलं की आपण त्याच्यामागे कधी १६ मीटरवर गेलो ते कळत नाही. दहा मीटरला पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने वाढतो. कॅमेऱ्याची पाठ १० बाय ६ सेंटिमीटरची धरली तर तिच्यावर साठ किलोचा भार, आणि तोच दाब दाराच्या फटीत एका बारीक रबरी पट्टीने अडवायचा. म्हणून मालवणला आणि स्नॉर्कलिंगला नुसता टीजी चालेल, पण अंदमानला जायच्या आधी त्याचं ४५ मीटरचं हाउसिंग घ्या. पीटी-०५९ हे हाउसिंग टीजी-६ आणि टीजी-७ दोन्हींना बसतं. सगळी खरेदी आजच करायची गरज नाही: आता कॅमेरा आणि दिवा, कोर्सच्या आधी हाउसिंग. त्यामुळे खर्चही दोन भागांत होईल.

हाउसिंग घेतलं की ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या कडेची पाणी अडवणारी रबरी रिंग, सांभाळणं आलं. माझा पहिला कॅमेरा मी असाच गमावला. कर्नाटकात मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला गेलो होतो. दोन डायव्हच्या मध्ये, हलत्या बोटीत, ओल्या हातांनी मी बॅटरी बदलली आणि हाउसिंग बंद केलं. सहा मीटरवर झाकणाच्या कडेने बारीक बुडबुड्यांची रांग निघाली. मग आत, काचेच्या खालच्या कोपऱ्यात, पाण्याची एक रेघ. वर येईपर्यंत ती बॅटरीपर्यंत पोचली होती. घरी भिंगाखाली पाहिलं तर काळ्या रिंगवर टॉवेलचा पांढरा धागा, जेमतेम एक सेंटिमीटरचा. कार्ड वाळवून चाललं, कॅमेरा नाही. त्यानंतर मी रात्री खोलीत बसून, उजेडात, कोरड्या हातांनी हे काम करतो. रिंग बाहेर काढायची ती बोटांनी किंवा प्लास्टिकच्या चपट्या काडीने, टोकदार काही लावायचं नाही. बोटांमधून फिरवून खरखर लागते का बघायची, खाच कापसाच्या बोळ्याने नव्हे तर धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची, आणि हाउसिंगसोबत आलेलं ग्रीस इतकंच लावायचं की रिंग चमकेल. जास्त ग्रीस लावलं तर वाळू धरते. तारकर्लीच्या किनाऱ्यावर तर झाकणाला हातही लावू नका, तिथली बारीक वाळू दिसत नाही पण शिरते. दिवसभराला पुरेल अशी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घालूनच निघायचं.

नुसता टीजी वापरतानाही हीच काळजी त्याच्या बॅटरीच्या आणि केबलच्या दारांची घ्यायची.

कोकणच्या दमट हवेत अजून एक त्रास होतो. बोटीवर बंद केलेल्या हाउसिंगमध्ये दमट हवाच अडकते आणि थंड पाण्यात गेल्यावर काचेच्या आतून वाफ धरते. एसी खोलीत बंद केलंत आणि आत सिलिका जेलची ताजी पुडी ठेवलीत तर हे टळतं. बोटीत ते उन्हात ठेवायचं नाही, ओल्या टॉवेलखाली ठेवायचं. डायव्ह संपला की खारं पाणी वाळायच्या आत गोड्या पाण्यात बुडवायचं आणि आतल्या आत प्रत्येक बटण दहा-बारा वेळा दाबायचं, नाहीतर मीठ बटणाच्या दांड्यावर बसतं.

गोप्रोचं लोक सुचवतील. व्हिडिओला तो उत्तमच, विनाहाउसिंग १० मीटर आणि डायव्ह हाउसिंगमध्ये ६० मीटर. पण तुम्ही फोटोंबद्दल विचारलंय, आणि इतक्या जवळून तो फोकस करत नाही, त्यामुळे ती न्युडिब्रँक त्याला मिळणार नाही. मोबाइलवर आयपी ६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन) लिहिलेलं असतं ते स्थिर गोड्या पाण्यातल्या चाचणीवर, समुद्रासाठी तो आकडा धरू नका.

आणि एक विनंती. जानेवारीतल्या पहिल्या डायव्हला कॅमेरा नेऊ नका. मालवणच्या पहिल्या डायव्हला प्रशिक्षक तुम्हाला धरूनच फिरवतो, व्हिडिओ बहुतेक तेच काढून देतात. तुम्ही फक्त श्वासाकडे लक्ष द्या आणि बघा. माझ्या प्रशिक्षकाने कोर्स संपेपर्यंत मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नव्हता, तेव्हा राग आला होता, आता त्याचे आभार मानतो. पाण्यात एका जागी तरंगता येत नसेल तर फोटोच्या नादात गुडघा किंवा पायातला फिन प्रवाळावर आपटतो, आणि तिथली बोटभर फांदी वाढायला वर्षं लागलेली असतात. मालवणचा हा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. एका हाताचं बोट खडकावर टेकवून फोटो काढायची सवय लावून घेऊ नका, एकदा लागली की जात नाही.

हाउसिंग हातात आल्यावर कॅमेरा न घालता, आत टिश्यू पेपरची घडी ठेवून बंद करा आणि पाण्याने भरलेल्या बादलीत वजन ठेवून अर्धा तास बुडवा. मग जवळच्या तरणतलावात खोल बाजूला तसंच, रिकामं. घडी कोरडी निघाली की त्यानंतर कॅमेरा घाला.