पहिलं एअर पिस्तूल घेताना

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातले प्रश्न तीन: परवडेल असं पहिलं पिस्तूल कोणतं, ते खोलून-जोडून शिकता येईल का, आणि ठाण्यात राहून सराव कसा करायचा. क्रमाने लिहितो. ट्रिगर आणि मुठीवर जास्त लिहिणार आहे, कारण पैसे वाया जातात ते तिथे लक्ष न दिल्यामुळे.

आधी कायदा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर, म्हणजे पॉइंट १७७ बोअरचं आणि २० ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल घ्यायला परवाना लागत नाही. सामन्याचं पिस्तूल या मर्यादेच्या खूप खाली असतं. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५५ मीटर वेगाने सुटला तरी ऊर्जा भरते ६ ज्यूल. कागदाला भोक पाडायला याहून जास्त लागत नाही. म्हणून दुकानदार वेगाचे आकडे सांगू लागला की समजायचं, हे पिस्तूल नेमबाजीसाठी बनलेलं नाही. विकत घेताना पक्कं बिल घे, त्यावर सिरियल नंबर असू दे. नेताना रिकामं, बंद पेटीत, बिलाच्या प्रतीसह. लोकांना एअर पिस्तूल आणि खरं पिस्तूल यातला फरक लांबून कळत नाही. स्टेशनवर, रिक्षात, सोसायटीच्या जिन्यात पेटी उघडायची नाही.

दुसरं, पहिले दोन महिने काही घेऊच नकोस. रेंजवर क्लबचं पिस्तूल वापर. पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत सुमा शिरूर यांनी लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. तुला कुठलं जवळ पडतं ते बघ. दोन महिन्यांत तुझ्या हाताचं माप कळेल, डावा डोळा प्रबळ की उजवा ते कळेल, आणि कोण जुनं पिस्तूल विकतंय तेही कळेल.

आता प्रकार. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतं ते स्प्रिंगचं, नळी बिजागरीवर वाकवून कॉक करायचं, म्हणजे मारायला सज्ज करायचं. ट्रिगर ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्तूल मागे ढकललं जातं, मग पिस्टन पुढे आदळतो तेव्हा ते पुढे झटकतं. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत हा झटका सुरू झालेला असतो. पकड जराशी बदलली की छर्रा दुसरीकडे जातो, आणि नवशिक्याला चूक आपली की पिस्तुलाची हे कळतच नाही. यातला अपवाद म्हणजे फाइनवेर्कबाउ या जर्मन कंपनीचं जुनं मॉडेल ६५. त्यात वरचा भाग रुळावर मागे सरकतो, झटका हातापर्यंत येत नाही. चांगल्या अवस्थेतलं मिळालं तर घे, पण त्याचा पिस्टन सील, म्हणजे हवा अडवणारी चकती, वयाने भुसभुशीत होतो. तो बदललेला आहे का हे आधी विचार.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर चालणारी, खऱ्या पिस्तुलासारखी दिसणारी बरीच आहेत. त्यांच्या नादी लागू नकोस. या वायूचा दाब तापमानावर नाचतो. २० अंशाला साधारण ५७ बार (बार म्हणजे दाबाचं माप) असतो, ३० अंशाला ७० च्या वर जातो, आणि ३१ अंशाच्या पुढे आत द्रव राहतच नाही. आपल्याकडचा मे महिना आठव. सकाळी आणि दुपारी एकच पिस्तूल वेगळ्या उंचीवर मारेल. भराभर दहा मारले तर वायू गार होऊन शेवटचे खाली उतरतील. शिवाय १२ ग्रॅमच्या कुप्यांचा खर्च कायमचा मागे लागतो.

परवडणाऱ्यात माझा कौल सिंगल-स्ट्रोकला. बाजूचा किंवा खालचा दांडा एकदा उघडून मिटला की एका शॉटपुरती हवा दाबली जाते. झटका जवळपास शून्य, वेग दर वेळी सारखा, पंप-सिलिंडर काही लागत नाही. रशियन इझ ४६एम याच जातीचं, आणि त्याचे सुटे भाग समजायला सोपे, म्हणून हाताने काम करायची हौस असलेल्याला ते फार काही शिकवतं. तोटा एकच, सामन्याचे ६० शॉट म्हणजे ६० वेळा दांडा. नवशिक्याचा खांदा चाळिसाव्या शॉटनंतर थरथरतो. म्हणून सुरुवातीला ३० च मार. आणि हवा भरून पिस्तूल तसंच ठेवून चहाला जाऊ नकोस. त्यात सुरक्षिततेचा प्रश्न आहेच, शिवाय सीलवर सतत दाब राहून तो दबून निकामी होतो.

सामन्यात आज सगळे वापरतात ते २०० बार दाबाने हवा भरलेल्या सिलिंडरचं. नवीन परदेशी घ्यायचं तर लाखाच्या वर तयारी हवी. जुनं मिळत असेल तर आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाच. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेलं सिलिंडर सामन्यात चालत नाही. म्हणजे स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलावर नव्या सिलिंडरचा खर्च चढणार, तो भावात धर. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं मॉडेल पहिलं म्हणून घेऊ नकोस. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली. तिच्यामागे अख्खा संघ उभा होता. तुझ्यामागे तूच आहेस, तेव्हा स्क्रूड्रायव्हरने समजेल असा यांत्रिक ट्रिगर बरा.

ट्रिगरवर एवढा भर का, ते गणिताने बघ. नेम धरायला नळीवर पुढे एक उभी पट्टी असते ती पुढची साईट, आणि मागे खाच असते ती मागची साईट. दोन्हींमधलं अंतर समजा ३३० मिलिमीटर, लक्ष्य १० मीटरवर. पुढची साईट खाचेत पाव मिलिमीटर सरकली तर छर्रा साडेसात मिलिमीटर सरकतो. टार्गेटवर एक रिंग ८ मिलिमीटर रुंदीची असते. म्हणजे पाव मिलिमीटरला जवळजवळ एक गुण गेला. उलट अख्खा हात समांतर ८ मिलिमीटर हलला तरी तेवढाच एक गुण जातो. हाताचं हलणं डोळ्याला दिसतं म्हणून त्याची भीती वाटते. खरं नुकसान करतं ते ट्रिगर ओढताना मनगटाचं वळणं, आणि जड, खरखरीत ट्रिगर ते हमखास वळवतो. आखूड पिस्तुलात साईटमधलं अंतर २०० वर आलं की हीच पाव मिलिमीटरची चूक साडेबारा मिलिमीटरची होते.

नियमाने ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. तपासायला पाण्याची बाटली घे, सुतळीसकट वजनकाट्यावर बरोबर ५०० ग्रॅम होईल इतकं पाणी भर. पिस्तुलात छर्रा नाही याची खात्री कर, कॉक कर, नळी सरळ वर धर, ट्रिगरच्या मधोमध सुतळी अडकव आणि बाटली हळू उचल. बाटली जमिनीवरून सुटली पाहिजे आणि ट्रिगर पडता, म्हणजे पिस्तूल सुटता, कामा नये. ५१० ते ५२० वर ठेव, कारण स्प्रिंग काळाने थोडी सैल पडते आणि सामन्याच्या तपासणीत ४९५ म्हणजे नापास.

बहुतेक सामन्याच्या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिल्यात ३५० ते ४०० ग्रॅम उचलून घ्यायचे, मग एक स्पष्ट भिंत लागते, तिथे उरलेले शंभरेक. प्रत्येकाचा स्क्रू वेगळा. हात लावण्याआधी प्रत्येक स्क्रूच्या खाचेची दिशा मोबाईलवर टिपून ठेव आणि एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा. सिअर म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत पिस्तूल अडवून धरणारा आतला खटका. त्याची पकड ठरवणारा स्क्रू सगळ्यात नाजूक. पकड फार कमी केली तर ट्रिगर मखमली लागतो आणि पिस्तूल टेबलावर ठेवताना आपोआप सुटतं. म्हणून प्रत्येक बदलानंतर रिकामं, कॉक केलेलं पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून मुठीच्या तळाला तळहाताने चार-पाच थापट्या मार. सुटलं तर स्क्रू मागे घे.

खोलाखोलीची हद्दही इथेच सांगतो. मूठ, साईट, ट्रिगरचे स्क्रू, सील, एवढ्यात तुझी दोन वर्षं आनंदात जातील. जाड स्प्रिंग टाकणं, दाब वाढवणं, नळीत बदल करणं यातलं काहीही करायचं नाही. अचूकता त्याने घटते, आणि एअर पिस्तुलाचं रूपांतर बंदुकीत करणं हा गुन्हा आहे.

मूठ. डोळे मिटून पिस्तूल उचल, हात स्थिर झाला की डोळे उघड. पुढची साईट खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ तुझी. दर वेळी उजवीकडेच दिसत असेल तर मूठ हाताला वळवते आहे. मनगट मुरडून ती मधे आणायची सवय लावलीस तर शेवटच्या वीस शॉटमध्ये मनगट दमून जागेवर जाईल आणि गुणही त्याच्यामागे जातील. तळहाताला खडूची पूड लावून पकड, म्हणजे लाकूड कुठे टोचतं ते दिसतं. तिथे १२० नंबरच्या पॉलिश पेपरने अर्धा मिलिमीटर काढ, पन्नास शॉट मार, मग पुन्हा बघ. जिथे पोकळी राहते तिथे एम-सील भर. मूठ पिस्तुलावरून काढून, २ मिलिमीटरचा थर देऊन, पातळ हातमोजा घालून नेहमीच्या पकडीत दाब आणि हात अलगद काढ. दुसऱ्या दिवशी २४० च्या कागदाने घास. ट्रिगरचं बोट लाकडाला कुठेही चिकटता कामा नये, पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सरळ मागे यावा. मूठ मनगटाला आधार देईल इतकी मागे वाढवलेली चालत नाही. आणि मोठ्या हाताची मूठ घासून लहान करता येते, लहानाची मोठी करणं कटकटीचं. दोन मापांत अडकलास तर मोठी घे.

जुनं पिस्तूल बघायला जाताना टॉर्च, बाटली आणि दोन-तीन प्रकारचे सपाट तोंडाचे छर्रे घेऊन जा. नळीच्या तोंडाची कड गोल आणि अखंड आहे का बघ. तिथला एक चरा सगळा खेळ बिघडवतो. मग हाताने नाही, वाळूच्या किंवा तांदळाच्या पिशवीवर मूठ टेकवून, नळी मोकळी ठेवून, १० मीटरवर पाच-पाच शॉट. दहाची रिंग साडेअकरा मिलिमीटर व्यासाची असते. पाचही भोकं तिच्या आत मावली पाहिजेत. एका प्रकारच्या छर्ऱ्याने मावली आणि दुसऱ्याने पसरली तर घाबरू नकोस. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. तिन्हींनी पसरली तर नमस्कार करून निघ.

आपल्या खाडीकाठच्या हवेची सवय पिस्तुलाला नसते. जून ते सप्टेंबर फोमच्या पेटीत बंद ठेवलेलं पिस्तूल गंजतं, कारण फोम ओल धरून ठेवतो. रात्री पेटीबाहेर, कुलपाच्या कपाटात, निळ्या सिलिका जेलसोबत ठेव. जेल गुलाबी झालं की मंद आचेवर पुन्हा निळं कर. धातूला हाताचा घाम लागतो तो रोज पुसून तेलाचं बोट फिरव. सिलिंडर हातपंपाने भरत असशील तर पावसाळ्यात पंप हवेबरोबर पाणीही ढकलतो. ओल शोषणारा फिल्टर लाव, पन्नासेक दट्ट्यांनंतर पंप गार होऊ दे, आणि दाब कोरलेल्या आकड्याच्या पुढे नेऊ नकोस. दाबाच्या हवेच्या भागात पेट्रोलियमचं तेल किंवा स्प्रे कधीच घालायचा नाही. दाबाने तापून ते पेट घेऊ शकतं. तिथे फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच.

सिंगल-स्ट्रोकमध्ये शॉट हळूहळू खाली यायला लागले की बहुधा ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, गेली. जुनी काढून आतला व्यास आणि जाडी व्हर्निअरने मोज. नागदेवी स्ट्रीटला किंवा वागळे इस्टेटच्या सीलच्या दुकानात नायट्राइल रबराची, ७० शोअर (रबराच्या कडकपणाचं माप), अशी मागितलीस की काही रुपयांत मिळते. एकाच वेळी दहा घे. बसवताना खाच धारदार असेल तर ओ-रिंग कापली जाते, म्हणून ग्रीस लावून, न पिळता सरकव.

खर्चाचं एक गणित विसरलं जातं. आठवड्याला तीन दिवस, प्रत्येक दिवशी ३० चाचणीचे आणि ६० मोजणीचे असे धरले तर २७० छर्रे झाले. ५०० चा डबा दोन आठवडेही पुरत नाही. वर्षभराचे छर्रे आणि रेंजची फी बाजूला काढून उरेल ते पिस्तुलाचं बजेट.

घरी सराव करायचा तर वन-बीएचकेत १० मीटर मिळत नाहीत. ५ मीटरवर टार्गेट निम्मं छाप, काळा भाग ५९.५ चा २९.७५ मिलिमीटर होईल. मागे लाकडी खोका, त्यात ४५ अंशात खाली झुकवलेला पोलादी पत्रा आणि तळाला वाळू. खिडकी किंवा गॅलरीच्या दिशेने कधीच नाही, आणि त्या रेषेतल्या दाराला आतून कडी. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव चालू असताना खाणंपिणं बंद, नंतर साबणाने हात, आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायची.

घरी खरा फायदा ड्राय फायरिंगचा, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर ओढण्याचा. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर, टार्गेट न लावता, रोज वीस मिनिटं. फक्त पुढची साईट आणि तिच्या दोन्ही बाजूंची प्रकाशाची फट बघायची, ट्रिगर पडताना ती हलली का तेवढंच टिपायचं. स्प्रिंगच्या पिस्तुलात रिकामा पिस्टन आदळून फुटतो, त्यात हे करू नकोस. सिंगल-स्ट्रोकमध्ये हवा न भरता ट्रिगर कॉक करायची सोय आहे का, हे विकत घेण्याआधीच बघून घे.

क्लबमध्ये कुणी पिस्तूल विकायला काढलं की मॉडेल, सिलिंडरची तारीख आणि मुठीचं माप मला कळव. तुझ्या तळहाताची रुंदी आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये सोबत लिही.

तुझा,
काका