ताकायामात एका दिवसात लाकूडकाम आणि साके: आधी काय, मागून काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 20 ऑक्टोबरच्या सुमारास जपानमधल्या ताकायामात एकच मोकळा दिवस आहे, रंधा आजवर हातात धरलेला नाही, तरी लाकडाची एखादी वस्तू स्वतः करायची आहे, आणि संध्याकाळी नव्याकोऱ्या मासूतून, म्हणजे त्या चौकोनी लाकडी पेल्यातून, साके ही तांदळाची जपानी दारू चाखायची आहे. बाकी सगळं बसतं. मासूचं तेवढं सोडा, कारण खाली देतो.

तारीख बरी आहे. 9 आणि 10 ऑक्टोबरला तिथे शरदातली रथांची जत्रा असते, तेव्हा खोली मिळणं मुश्कील. नागोयाहून 'हिदा' एक्स्प्रेसने साधारण अडीच तास लागतात, म्हणून मुक्काम आदल्या रात्रीपासूनच ठेवा.

सकाळी लाकूड, मग पोटभर जेवण, मग साके. हा क्रम उलटा करू नका. कार्यशाळेतली पाती आपल्याकडच्या सुरीसारखी बोथट नसतात.

वस्तू कोणती करायची, यात नवखे लोक फसतात. यू झाडाच्या लाकडाचं कोरीवकाम, 'इचिई इत्तोबोरी', ही ताकायामाची शान. लालसर गाभा आणि पांढरट कड यांतच रंगसंगती साधतात, वरून रंग लावत नाहीत. पण ते बघायचं आणि विकत घ्यायचं काम आहे, दोन तासांत शिकायचं नव्हे. 'शुनकेई' लाखकामाचं तसंच: लाख सुकायलाच दिवस लागतात. 'कुमिको', म्हणजे खिळ्यांविना बारीक पट्ट्या गुंतवून केलेली लाकडी जाळी, जमू शकते. चौकोनी चौकटीतल्या 'आसानोहा' (भांगेच्या पानाच्या) नक्षीत एका चौकोनात सात पट्ट्या असतात: एक कर्ण, चार बिजागरीच्या, दोन अडकवायच्या. टोकं 22.5, 45 आणि 67.5 अंशांत तासायची. पट्टी अर्धा मिलीमीटर आखूड झाली की नक्षी ढिली पडते आणि ती पट्टी फेकून दुसरी घ्यावी लागते. धीर असेल तरच या वाटेला जा.

पहिल्या खेपेला चॉपस्टिक्स करा. आधी लांबी ठरवा: अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणा, दोन्ही टोकांमधलं अंतर मोजा आणि त्याची दीडपट करा. 15 सेंटीमीटर आलं तर काडी साडेबावीसची. जेमतेम सेंटीमीटरभर जाडीची चौकोनी काडी उतरत्या खाचेच्या ठोकळ्यात बसवतात, म्हणजे रंधा मारत गेलं की टोक आपोआप निमुळतं होतं.

जपानी रंधा, 'कान्ना', आपल्या सुतारांसारखा पुढे ढकलायचा नाही, स्वतःकडे ओढायचा. जोर दंडातून लावू नका. कोपर अंगाशी ठेवून अख्खं शरीर मागे न्या. पातं केसाइतकंच बाहेर हवं. पात्याच्या डोक्यावर हलकी ठोक दिली की ते बाहेर येतं, लाकडी ठोकळ्याच्या मागच्या कडेवर ठोकलं की आत जातं. हे शिक्षक करतील, तुम्ही आवाज ऐका. 'सर्रर्र' असा एकसारखा आवाज आणि पारदर्शक ढलपी निघाली तर ठीक. 'खर्र' झालं आणि टवके उडाले तर लाकडाच्या रेषा उलट्या आहेत, काडी फिरवून घ्या. दुसरी नेहमीची चूक म्हणजे शेवटी रंधा उचलणं. मग टोकाशी गाठ राहते. चारही बाजूंना सारखेच फटके मोजून मारा, नाहीतर जोडीतल्या दोन काड्या सख्ख्या वाटत नाहीत. टोक तीनेक मिलीमीटरवर आलं की थांबा. रंध्याने तुळतुळीत झालेल्या लाकडाला सँडपेपर लावू नका, त्याने पृष्ठभागाची चमक जाते.

दुपारी लोकलने हिदा-फुरुकावाला जा. प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा, पण दर तासाला गाडी असेलच असं नाही. परतीची वेळ आधीच टिपून ठेवा. तिथल्या 'हिदा नो ताकुमी' (हिदाचे कारागीर) संग्रहालयात लाकडाचे सांधे हाताने उघडून-जोडून बघता येतात. आठव्या शतकापासून हिदाने, म्हणजे या भागाच्या जुन्या प्रांताने, करापोटी धान्य-कापडाऐवजी राजधानीत सुतार पाठवले, 50 घरांच्या गावामागे 10 जण. सकाळी रंधा ओढून हात दुखले असतील, तर या आकड्याचं वजन कळेल.

आता मासूचं. मासू ज्याचा करतात त्या नव्या हिनोकीला (जपानी सायप्रसला) इतका दरवळ असतो, की गिंजो, म्हणजे तांदूळ जास्त घासून केलेल्या, साकेतला फळांसारखा नाजूक वास त्यात पार बुडतो. हातालाही तोच वास लागतो, म्हणून चाखायला जाण्याआधी हात धुवा, अत्तर नको. तळाशी निळी वर्तुळं असलेला पांढरा चिनी मातीचा पेला मागा; त्यात रंग आणि गढूळपणा दिसतो. आधी गिंजो, मग जुनमाई (वरून अल्कोहोल न घातलेली), शेवटी दुधाळ निगोरी. ऑक्टोबरात 'हियाओरोशी' जरूर मागा: एकदाच गरम करून उन्हाळाभर मुरवलेली, बाटलीत भरताना पुन्हा न तापवलेली. 30 मिलीलीटरचे सहा नमुने म्हणजे 180 मिलीलीटर, 15-16 टक्क्यांच्या हिशेबाने बिअरच्या अर्ध्या लिटरहून थोडं जास्तच. मध्ये मध्ये तितकंच पाणी प्या. शाकाहारी असाल तर सोबतच्या खाण्याचं विचारून घ्या, साध्या दिसणाऱ्या भाजीतही माशाचा दाशी, म्हणजे अर्काचं पाणी, असतो. आणि फुरुकावात भाड्याची सायकल घेतली असेल तर ती चाखण्याआधीच परत करा. 1 नोव्हेंबर 2024 पासून पिऊन सायकल चालवणाऱ्यांवरचा कायदा जपानने कडक केला आहे.

भारतात येताना माणशी 2 लिटर मद्य शुल्कमुक्त. 720 मिलीलीटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी नाही. न तापवलेली 'नामा' घेऊ नका, ती थंडच ठेवावी लागते.

मासू हवाच असेल तर विकतचा घ्या; ताकायामा आहे त्याच गिफु प्रांतातल्या ओगाकीत जपानातले सुमारे 80 टक्के मासू बनतात. त्यातून साधी जुनमाई छान लागते. नव्या मासूतून डिंक पाझरला तर अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा. साबण लावू नका, तो वास लाकडात मुरतो. पाण्याने धुऊन सावलीत उलथा-सुलथा वाळवा, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवू नका. आठवड्यात काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत.