देवदूतांच्या काळोख्या प्रेमकथा वाचायला घेतोयस? मग हे वाच

मुखपृष्ठ बघून पुस्तक उचलू नकोस. काळे पंख आणि पाठमोरी मुलगी तर सगळ्यांवरच असते. मी सुझन ई यांच्या ‘एंजलफॉल’पासून (२०११) सुरुवात करायला सांगेन. देवदूतांनी जग उद्ध्वस्त केलंय, नायिकेच्या धाकट्या बहिणीला पळवून नेलंय, आणि तिला शोधायला हाताशी आहे तो पंख छाटलेला एक देवदूत. ते छाटलेले पंख गुंडाळून दोघं सोबत वाहून नेतात, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. प्रेम फार हळू येतं, तेही अविश्वासातून.

मग लेनी टेलर यांची ‘डॉटर ऑफ स्मोक अँड बोन’ ही त्रयी घे, २०११ ते २०१४ मधली. प्रागमध्ये चित्रकला शिकणारी निळ्या केसांची मुलगी, दातांचा व्यापार, दारांवर उमटलेले हाताचे जळके काळे ठसे! इथे देवदूत आणि कायमेरा (अर्धे माणूस, अर्धे पशू असे जीव) या दोन्ही जमाती पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना कापत आल्यात, म्हणून ‘निषिद्ध प्रेम’ या शब्दांना खरं वजन येतं. दुसरा भाग युद्धाचा आहे, जड जाईल. तरी सोडू नकोस.

या सगळ्याचं मूळ फार जुनं आहे. हनोखाच्या ग्रंथात, म्हणजे एका प्राचीन ज्यू धार्मिक ग्रंथात, २०० देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, माणसांच्या मुलींशी लग्न करतात, आणि त्यांच्या पोटी महाकाय मुलं जन्मतात. तेवढा भाग आधी वाचलास तर पुढे बरंच उलगडेल.

आणि नायक मुलीला घाबरवतोय, तिचा पाठलाग करतोय, आणि पुस्तक त्यालाच प्रेम म्हणतंय असं दिसलं, तर खुशाल मिटून ठेव.