सही महापौरांची, पण काम कोणाचं?

प्रश्न : परदेशातल्या एका शहराने आमच्या शहराशी 'भगिनी शहर' म्हणून (म्हणजे दोन शहरांमधल्या औपचारिक मैत्रीचा) करार करण्याचा प्रस्ताव पाठवला आहे. सत्ताधारी म्हणतात, गुंतवणूक येईल. विरोधक म्हणतात, ही पदाधिकाऱ्यांच्या परदेश दौऱ्यांची सोय आहे. समितीची सदस्य म्हणून मला मत द्यायचं आहे. काय करू? – एक नगरसेविका

उत्तर : ताई, विरोधकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मी नोकरीत असताना अशा करारांच्या फायली सांभाळल्या आहेत. सुरुवातीला पाहुण्यांचे फोटो, पुढे एखादं शुभेच्छापत्र आणि मग धूळ. गुंतवणुकीचं म्हणाल तर हा काही व्यापारी करार नव्हे. त्याने ना सीमाशुल्क घटतं, ना व्हिसा सोपा होतो. कारखानदार जागा, वीज आणि बाजारपेठ बघून येतो, दोन महापौरांचा फोटो बघून नाही.

तरीही मी तुम्हाला सरळ 'नको' म्हणणार नाही, आणि त्याचं कारण कॉव्हेंट्री. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत हे इंग्लिश शहर होरपळलं. पुढे सोव्हिएत संघातल्या स्टालिनग्राडच्या लढाईच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा कॉव्हेंट्रीतल्या 830 बायकांनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावं भरतकामात काढली, प्रत्येकीने सहा पेन्स दिले आणि ते सगळं स्टालिनग्राडला पाठवलं. दोन्ही शहरांचं अधिकृत नातं जुळलं ते 1944 मध्ये, म्हणजे बायका आधी, ठराव नंतर! फ्रान्समधलं माँबेलियार आणि जर्मनीतलं लुडविग्सबुर्ग 1950 साली जवळ आले. तेव्हा माँबेलियारचे महापौर होते ल्युसियाँ थाराद्याँ, स्वतः नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून वाचलेले. त्यांना या मैत्रीचा उपयोग कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

म्हणून समितीत पहिला प्रश्न हा विचारा : महापौर बदलल्यावर हे नातं कोण चालवणार? दोन्हीकडची एखादी शाळा, रुग्णालय, पाणीपुरवठा विभाग किंवा तिकडे स्थायिक झालेली आपली माणसं, यांच्यात आधीपासून काही देवाणघेवाण आहे का? असेल तर करार त्याला बळ देईल. नसेल तर कागदातून ती उगवणार नाही.

मसुद्यातलं प्रत्येक कलम वाचा, अगदी शेवटच्या पानापर्यंत. चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग आणि बीजिंग यांच्या 2016 च्या करारात 'एक चीन' धोरण (म्हणजे तैवान हा चीनचाच भाग) मान्य करणारं कलम होतं. नंतर आलेले प्रागचे महापौर झ्देनेक ह्रिब यांनी ते काढायला सांगितलं आणि 2019 मध्ये करार मोडला. परराष्ट्र धोरण असं नगरपालिकेच्या गळ्यात कशाला घ्यायचं? आणि वयाने नातं पक्कं होतं असंही समजू नका. ओसाका आणि सॅन फ्रान्सिस्को 1957 पासून जोडलेले होते. जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांचं स्मारक सॅन फ्रान्सिस्कोने शहराची मालमत्ता म्हणून स्वीकारलं, त्यावरून ओसाकाच्या महापौरांनी 2018 मध्ये हे नातं तोडलं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर युरोपातल्या अनेक शहरांनी रशियन शहरांशी असलेले करार स्थगित केले, तेव्हा करार थांबवण्याची रीतही मसुद्यात आधीच लिहून ठेवलेली बरी.

माझं मत विचाराल तर होकार द्या, पण अटी घालून. सुरुवातीला तीन वर्षांपुरताच मैत्री करार करा. एकच विषय धरा, सांडपाणी म्हणा किंवा विद्यार्थ्यांची अदलाबदल. त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळं लेखाशीर्ष (खर्चाचं खातं) उघडा, त्यातून दौऱ्यावर जास्तीत जास्त किती खर्च करायचा ते ठरावातच लिहा, आणि दौऱ्यात त्या विषयाचे अभियंते किंवा शिक्षक पदाधिकाऱ्यांपेक्षा जास्त असू द्या. (या अटीला सर्वांत जास्त विरोध होईल, पाहाच!) समितीच्या बैठकीआधी त्या शहराला पत्र लिहून विचारा, की तुमच्याकडे हे काम प्रत्यक्ष कोण पाहणार? उत्तरात नुसतं महापौर कार्यालयाचं नाव आलं, तर विषय तहकूब करायला सांगा.